चुन्याची रेघ

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी पोकलेनला झेंडूचा हार, ड्रिल मशीनला हळदकुंकू, पंपालाही. भीमण्णा मुकादमाने नारळ फोडला. आज खदानीत एकही दगड फुटायचा नाही, ही ह्यांच्या वेळेपासूनची रीत. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, रीत मी चालू ठेवली आहे.

नेमकं आजच कचेरीचं पत्र आलं. हातात पेढा आणि समोर हे पत्र. अभयारण्याभोवती राखीव पट्टा आखलाय, त्यात आपली खदान येते. परवाना मार्चअखेर संपेल, पुन्हा मिळणार नाही. नोव्हेंबरात पाहणी. तोवर चालू खड्ड्यातच काम करावे, आणि "उत्तरेकडील कठीण पाषाणाच्या भिंतीस हात लावू नये".

खड्ड्यात उरलंय काय? मुरूम आणि सडका दगड. चांगला दगड आता फक्त त्या भिंतीत आहे. सबंध टेकडीतून आडवी गेली आहे ती, दहा-बारा पावलं जाड, कुळकुळीत काळी. जे आहे त्याला हात लावू नका आणि जे नाही ते काढा. पत्र लिहिणारा कधी इथे कामणला आला तरी असेल का.

२ ऑक्टोबर, दसरा
दुपारी खदानीच्या वरच्या कडेला उभी होते. तिथून भिंतीपलीकडची वाडी दिसते आणि विहीरही. वरची, म्हणजे माझी थोरली जाऊ, चुन्याची वाटी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. वाटणीला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून बोलणं नाही. जाऊ हा शब्द तोंडात येत नाही, वरचीच येतं.

दसऱ्याला विहिरीत पाणी जिथवर असेल तिथे चुन्याची रेघ ओढायची, हे सासऱ्यांनी घालून दिलेलं. ते वरची अजून करते. मागच्या सगळ्या रेघा कातळावर पुसट दिसतात. यंदा पाणी तिसऱ्या पायरीला आहे. भरपूर. वाडीतल्या सात घरांना जूनपर्यंत पुरून उरेल. रेघ ओढून झाल्यावर तिने मान वर केली. मला पाहिलं. मी हलले नाही, तीही नाही. मग तिनेच आधी तोंड फिरवलं. तेवढंच बरं वाटलं.

५ ऑक्टो.
वाटणीच्या दिवसाची आज दिवसभर आठवण. थोरल्यांना वरची वाडी आणि विहीर, आम्हाला खालचा खडक. वरचीने तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की धाकटीला काय, ती दगड विकून खाईल. विकला. खाल्ला. त्यावर लेकीला, ऋतुजाला शिकवलं, वसईत तिच्या फ्लॅटची पहिली रक्कम भरली. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कुणी सांगावं.

सासरे एवढंच म्हणाले होते की मधली भिंत दोघांची, घराची सामाईक भिंत असते तशी. कागदावर ते नाही. मी कागद पुन्हा काढून बघितला.

८ ऑक्टो.
ऋ. चा फोन. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर सह्या घेताहेत, डोंगरातल्या खदानी बंद करा म्हणून. धूळ येते म्हणे, खिडक्या उघडता येत नाहीत. मी विचारलं, तू केलीस का सही? ती म्हणाली, मम्मी, सगळ्यांनी केली, मीच नाही केली तर कसं दिसतं.

कसं दिसतं. तुझ्या बिल्डिंगच्या पायात खडी कुणाची आहे? ते नाही विचारलं. विचारायला हवं होतं. फोन ठेवल्यावर भांडी घासली, एक कप फुटला. ह्या लोकांना घरं हवीत, रस्ते हवेत, उड्डाणपूल हवेत, फक्त दगड कुठून येतो ते बघायचं नाही. रविवारी डोंगरात फिरायला येतात, धबधब्याखाली फोटो काढतात, आणि जाताना माझ्या ट्रककडे बघून नाक धरतात.

११ ऑक्टो.
भीमण्णाला विचारलं, भिंतीला सुरुंगाचे चार होल मारायचे का. पाहणीच्या आधी थोडा दगड निघाला तर मार्चपर्यंतच्या गाड्या भरतील. त्याने कुदळ खाली ठेवली. बाप वडार, तोही वडार, दगडाशी ह्याचा जन्म गेला. म्हणाला, "बाई, उभा दगड हाय त्यो. उभा दगड पाणी धरतो. त्याला हात लावायचा नसतो." मी म्हटलं, पत्रातले साहेब पण तेच म्हणतात, तुम्ही त्यांच्यात जा. तो हसला नाही. मला वाईट वाटलं, पण मागे घेतलं नाही.

त्याला काय सांगायचं, की मी समुद्रकाठच्या अर्नाळ्याची, पाण्याची किंमत मलाही कळते. माहेरी विहिरीचं पाणी मचूळ. लग्न होऊन आले त्या दिवशी वरचीने ह्याच विहिरीतून तांब्या भरून दिला होता. गोड पाणी. मी दोनदा मागून प्याले आणि ती हसली होती. तेव्हा हसायची.

१५ ऑक्टो.
अजून एक पत्र, आधीच्याच मजकुराचं, खाली दुसरी सही. गाडीवाले विचारतात, ताई माल कधी. दोघांनी दुसरी खदान धरली. भीमण्णाची आठ माणसं रोज सकाळी येतात आणि मुरूम उकरतात. त्यांना घरी बसवू कसं.

राखीव पट्टा आखला तेव्हा कुणी मला विचारलं? नकाशावर रेघ ओढली, ती माझ्या खड्ड्यावरून गेली, झालं. रेघ ओढणाऱ्याला मार्चनंतरही पगार मिळेल. मला चीड येते ती ह्याची. जंगल राहावं हे मलाही कळतं. मी काय राक्षस आहे? बिबट्या खदानीतल्या डबक्यावर पाणी पितो, त्याचे पंजे मीच भीमण्णाला दाखवले होते.

१८ ऑक्टो., धनतेरस
ठरवलं. भिवंडीकडचा एक सुरुंगवाला आहे, त्याच्याशी बोलले. भीमण्णाला सांगणार नाही. सोमवारी नरकचतुर्दशीला पहाटे सगळं गाव अभ्यंगस्नान करून फटाके वाजवतं. त्या आवाजात चार होल कुणाला ऐकू येतात? भिंतीच्या टोकालाच, विहिरीपासून लांब. एवढ्याने काही होत नाही.

हे मी दोनदा लिहून पाहिलं. एवढ्याने काही होत नाही.

२० ऑक्टो., नरकचतुर्दशी
झालं. पहाटे फटाके सुरू झाल्यावर. मी घरात उटणं लावत बसले होते, घड्याळ समोर. आवाज फटाक्यांत मिसळून गेला, खरंच कळला नाही.

पण फळीवरची भांडी वाजली. सगळी. ताटं, वाट्या, तांब्या. फटाक्याने भांडी वाजत नाहीत. हे मला, खदानवालीला, आधी सुचू नये? इतकी वर्षं जमिनीतून हादरा आलेला पायांना कळतो, आणि मी आवाज लपवत बसले. शेजारच्या मंदाताई चकली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आज सणाला पण चालू ठेवलंत का काम? मी म्हटलं, छे. त्यांनी चकलीचं ताट ठेवलं आणि बसल्या नाहीत.

तिथे वर वाडीतही भांडी वाजली असणार.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
भीमण्णा न सांगता खदानीत जाऊन आला. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. भिंतीला माणूस हात घालील एवढी उभी भेग पडली आहे आणि त्यातून पाणी येतंय. स्वच्छ, गार. एवढं सांगून तो निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेले बघायला. ओंजळ लावली. चव घेतली. ती चव ओळखता येणार नाही असं होणारच नव्हतं.

पूजा केली. आरतीत लक्ष नव्हतं.

२३ ऑक्टो., भाऊबीज
भाऊ अर्नाळ्याहून आला, सुके बोंबील घेऊन. त्याला काही सांगितलं नाही. तो गेल्यावर कडेला जाऊन उभी राहिले. विहिरीत पाणी सहाव्या पायरीला. तीन पायऱ्या. दसऱ्याची रेघ वर कोरडी दिसते, पांढरी शुभ्र, अगदी नजरेत भरते. तीन दिवसांत तीन पायऱ्या.

वाडीतल्या बायका विहिरीवर जमल्या होत्या. वरची पायरीवर बसली होती, हात गुडघ्यात.

२९ ऑक्टो.
खड्ड्यात कमरेएवढं पाणी. पंप दिवसभर चालू ठेवावा लागतो, नाहीतर पोकलेन बुडेल. पंपाचं पाणी ओढ्यात सोडतो, तिथून कुठे जातं देव जाणे. एक टँकरवाला येऊन गेला. त्याला बातमी कशी लागते? म्हणाला, मॅडम, पाणी मस्त आहे, मी रोज दहा गाड्या उचलतो, वसईत सोसायट्या उभ्या आहेत वाट बघत. मी त्याला खदानीबाहेर काढला. एवढ्या मोठ्याने ओरडले की भीमण्णाची माणसं काम थांबवून बघू लागली. हे पाणी विकायचं नाही, असं मी म्हणाले. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ऋ. ला सांगितलं. ती म्हणाली, मम्मी तू सरळ कबूल कर. तिच्या तोंडी सगळं सरळ असतं.

५ नोव्हें.
विहीर नवव्या पायरीला. वाडीतली दोन घरं आता खालच्या नळावर येतात, हंडे डोक्यावर घेऊन, माझ्या दारावरून. कुणी माझ्याकडे बघत नाही. पूर्वी निदान "काय वहिनी" म्हणायचे.

वरची नाही येत. ती अजून विहिरीतूनच काढते, दोर वाढवून. हट्टी आहे. अख्ख्या जन्मात तिने माघार घेतलेली मी पाहिली नाही. राग येतो. तिच्यामुळे सगळं जास्त वाईट वाटतं.

१२ नोव्हें.
पाहणी. जीपमधून तिघं. त्यांत भूजलवाली एक मुलगी, ऋ. च्याच वयाची, पायात गमबूट. जंगलाचा गार्ड मागे मागे. वाडीकडूनही माणसं आली, वरचीही, डोक्यावर पदर घेऊन भिंतीच्या पलीकडच्या बाजूला उभी.

ती मुलगी कपारीत उतरली, भेगेत हात घातला, दगडाच्या कडा बोटांनी तपासल्या. मग मला विचारलं, ही भेग कधीची? मी म्हटलं, जुनी. तिने मान वर करून पाहिलं. दगडाची ताजी कड आणि जुनी कड तिला कळत नसेल असं मी कसं समजले? भीमण्णा माझ्या शेजारीच होता, पायाकडे बघत. वरची पलीकडे उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, भांडी तिचीही वाजली होती. मी वाट बघत होते की आता ही तोंड उघडणार. अकरा वर्षांचं सगळं काढणार. ती काही बोलली नाही.

मुलीने वाद घातला नाही. नकाशावर बोट ठेवून समजावलं. भिंतीमागे पाणी अडून राहतं, म्हणून वरच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी. आता ते भेगेतून तुमच्या खड्ड्यात येतं आणि तुमचा पंप ते उपसतो. पंप बंद ठेवा. खड्डा भेगेच्या वर भरला की विहीर आणि खड्डा एका पातळीला येतील आणि विहिरीतलं खाली यायचं थांबेल. पूर्वीइतकी भरणार नाही, पण आटणारही नाही.

मी विचारलं, आणि खदान? ती म्हणाली, खदान पाण्याखाली. आवाज मऊ होता. तिच्यावर चिडता आलं नाही, ह्याचाच जास्त संताप.

जाताना जबाबाचा कागद दिला. भिंतीत सुरुंग कधी लावला, कुणाच्या सांगण्यावरून. पंधरा दिवसांत भरून द्यायचा.

१४ नोव्हें.
हिशेब सोपा आहे. पंप चालू ठेवला तर मार्चपर्यंत खदान, आठ माणसांना काम, गाड्या. आणि विहीर संक्रांतीच्या आत कोरडी. पंप बंद केला तर उलट. मधलं काही नाही. पत्रांमध्ये समतोल राखा, समतोल राखा असं लिहितात. बटणाला दोनच बाजू आहेत.

भीमण्णाला विचारलं, तू काय करशील. म्हणाला, मला दुसरीकडे काम मिळेल बाई, दगड काय सगळीकडे हाय. पाण्याचं तुम्ही बघा.

१६ नोव्हें.
सकाळी खदानीत गेले तर वरची खड्ड्याच्या काठावर. एकटी. हातात पितळेची कळशी, तीच, सासूबाईंची. रॅम्पवरून खाली उतरून आलेली, ह्या वयात, चपला हातात. माणसं लांब उभी राहून बघत होती. मी पुढे झाले आणि विचारलं, काय पाहिजे. अकरा वर्षांनी बोललेला पहिला शब्द हा.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून कळशी बुडवली. "पानी न्यावाचा हाय. माझाच हाय."

कळशी भरली. उचलायला मी पुढे गेले तर तिने कोपराने दूर सारलं. मग उभी राहून मला म्हणाली, "घरचा भांडान मी सायबापुढं नाय नेला. तू नेशील तं ने. पन ह्या पंपाचा आवाज रोज मला घरात येते."

आणि गेली. रॅम्प चढताना तीनदा थांबली. मी मागे गेले नाही. जावंसं वाटलं, पाय उचलला नाही. तिचा राग येतो म्हणून की स्वतःचा, ते आज मी लिहू शकत नाही.

१७ नोव्हें.
ती आज पुन्हा आली. कळशी भरली, गेली. पंप चालूच होता, तिच्या पायाशी पाइप धडधडत होता. माणसांनी आपणहून तिला वाट करून दिली. माझ्याकडे कुणी मानाने बघत नाही हल्ली.

१९ नोव्हें.
आज वरची आली नाही. कडेवर जाऊन पाहिलं. विहीर बाराव्या पायरीला. दोर आता पुरत नाही बहुतेक. दुपारी मंदाताईंकडून कळलं, काल रॅम्पवर पाय घसरला, गुडघा सुजलाय, घरात पडून आहे. मुलगा मुंबईहून येतोय. मंदाताई हे सांगताना माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या, काय दिसतं ते बघायला. काय दिसलं असेल मला माहीत नाही.

वरचीच्या घरी जावं तर ती दार उघडणार नाही. उघडलं तर काय बोलणार. सूज उतरायला लेप घेऊन गेले तर अंगावर फेकेल, आणि फेकलाच पाहिजे.

२० नोव्हें.
पंप बंद केला.

भीमण्णा बाजूला उभा होता. मी स्वतः बटण दाबलं. इतकी शांतता खदानीत खंडेनवमीलाही नसते. पोकलेन वर काढायला संध्याकाळ झाली. माणसांना सांगितलं, महिना संपेपर्यंत रोजंदारी मिळेल, पुढचं बघू. एकाने विचारलं, ताई, परत चालू करणार ना? मी म्हटलं, उद्या सांगते.

कुणावर उपकार म्हणून केलं नाही. राखीव पट्ट्यासाठी नाही, त्या पत्रांसाठी तर मुळीच नाही. ऋ. ला कळवलं नाही, ती टाळ्या वाजवेल. मला तिच्या टाळ्या नकोत.

२४ नोव्हें.
गाडीवाला आला होता, मोठा, जुना. एका रस्त्याचं काम आहे, चांगला काळा दगड पाहिजे, पंप लावून दहा दिवसांत भिंतीतला थोडा काढून द्या, बाकी मी बघतो, पाहणी झालीये, आता कोण येतंय. गोड बोलत होता. मी नाही म्हटलं नाही. विचार करते म्हटलं. खोटं कशाला लिहू, मी खरंच विचार केला. जेवताना केला, भांडी आवरताना केला.

जबाबाचा कागद देवघराच्या खणात आहे. नाव आणि पत्ता भरलाय. "सुरुंग कोणाच्या सांगण्यावरून" इथे पेन टेकवलं आणि शाई पसरली. भीमण्णाचं नाव लिहिलं तर कुणी हरकत घेणार नाही, परवान्यात मुकादम म्हणून तोच आहे. हा विचारही मी केला. ह्याच वहीत लिहून ठेवते म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

२७ नोव्हें.
सकाळी खड्ड्यावर गेले. पाणी भेगेच्या वर एक हात चढलंय, हिरवं आणि स्वच्छ, तळ दिसत नाही. काठावर बिबट्याचे पंजे, ताजे.

आणि भिंतीवर पाण्याला लागून चुन्याची रेघ. हातभर लांब, थोडी वाकडी, ओली. वरचीची. तिचा गुडघा अजून बरा नाही, मंदाताई परवाच म्हणाल्या. कशी उतरली असेल, कुणाला धरून. माझ्या खदानीत, माझ्या भिंतीवर. विचारायचं नाही का. संताप आला आणि तो तसाच राहिला, पण रेघ मी पुसली नाही.

तिथेच बसले. पाणी रेघेच्या वर चढताना दिसत नाही, मी बराच वेळ पाहिलं.

कागद द्यायचा आज शेवटचा दिवस आहे. गाडीवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला. भीमण्णाने पंपाचा पाइप गुंडाळून शेडमध्ये ठेवला आहे आणि शेडची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, तुमच्याकडेच असू द्या. ती आत्ता वहीवर ठेवली आहे, कागदाच्या शेजारी.